लोरा शिकायचंय? आधी स्लीप करंट मोजा

लोरा म्हणजे कमी बॅटरीत थोडा डेटा लांबवर पाठवणारा रेडिओ. त्याचा प्रोजेक्ट घेणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: रेंज किती मिळेल? अजिंक्यताऱ्यावर किंवा दंडोबाच्या डोंगरावर गेटवे (नोडचे, म्हणजे सेन्सरच्या बोर्डांचे, मेसेज पकडून इंटरनेटवर टाकणारा डबा) ठेवला आणि मध्ये काही आडवं आलं नाही, तर काही किलोमीटर सहज मिळतात. त्यात तुमचं कर्तृत्व फारसं नाही. काम देणारा विचारतो ते वेगळंच: बॅटरी किती टिकेल, आणि हे मोजून सांगताय की अंदाजाने? त्याचं उत्तर स्लीप करंटमध्ये, म्हणजे दोन मेसेजांच्या मध्ये बोर्ड झोपलेला असताना खातो त्या करंटमध्ये असतं.

खरेदीपासूनच घोळ सुरू होतो. आपल्याकडे लोरावॅन (लोरावरचं नेटवर्क) ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतं. स्वस्तात मिळणारं रा-०२ मॉड्यूल ४३३ चं असतं, ते इथे उपयोगाचं नाही. एसएक्स १२७६ किंवा १२६२ चिपचं, ८६८ च्या पट्ट्यातलं घ्या. अँटेनाही त्याच पट्ट्याचा हवा. टेबलावरच्या चाचणीला सुमारे ८.६ सेंटीमीटरची साधी तार चालते. अँटेना न लावता मात्र ट्रान्समिट करू नका, चिप जाऊ शकते. गेटवे आठ चॅनेलचा घ्या, सिंगल चॅनेलवाल्याच्या नादी लागू नका.

मग ‘जॉइन होत नाही’, म्हणजे नोड नेटवर्कला जोडला जात नाही, ही तक्रार. आर्डुइनोवर लोरावॅनची एलएमआयसी लायब्ररी असेल तर दोनच गोष्टी आधी बघा. एक, कॉन्फिग फाइलमध्ये भारताचा पट्टा निवडलाय का. नाहीतर ती अमेरिकेचा धरून बसते. दोन, ओळखीचे आकडे डेव्ह-ईयूआय आणि अ‍ॅप-ईयूआय उलट्या बाइट क्रमाने लिहायचे, अ‍ॅप-की (गुप्त किल्ली) मात्र सरळ. निम्मे लोक इथेच अडकतात.

आता बॅटरी. दर १५ मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला ९६ मेसेज. एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर: तो जितका मोठा, तितकी रेंज जास्त, पण मेसेज हवेतही जास्त वेळ. १० बाइटचा डेटा एसएफ ७ वर हवेत ६२ मिलिसेकंद असतो, एसएफ १२ वर जवळपास दीड सेकंद. ट्रान्समिटला १२० मिलिअँपिअर धरले तर दिवसाचा खर्च एसएफ ७ ला ०.२ मिलिअँपिअर-तास, एसएफ १२ ला ४.७. आणि डेव्हलपमेंट बोर्डावरचा एएमएस १११७ रेग्युलेटर? काही न करता ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाला १२०. २४०० चा सेल २० दिवसांत संपतो आणि शिव्या रेडिओला बसतात. त्याजागी एमसीपी १७०० सारखा, दोनेक मायक्रोअँपिअरवर भागवणारा टाका, पॉवरचा एलईडी काढा, सेन्सरचा सप्लाय मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडा.

मोजतानाही एक गंमत आहे. मल्टिमीटर मायक्रोअँपिअर रेंजवर सिरीजमध्ये लावला की ट्रान्समिटच्या वेळी मीटरमध्येच इतका व्होल्टेज पडतो की बोर्ड रीसेट होतो. मीटरच्या दोन्ही टोकांमध्ये जंपर लावून ठेवा, बोर्ड स्लीपमध्ये गेला की काढा, आकडा वाचा, उठायच्या आत परत लावा. १० मायक्रोअँपिअरच्या आत आलात तर छान.

लिथियम थायोनिल (चार्ज न होणारा) सेल वापरलात तर तो पडून राहिला की आत थर धरतो. पहिल्याच ट्रान्समिटला व्होल्टेज कोसळतं, बोर्ड रीसेट, पुन्हा जॉइन, पुन्हा रीसेट. समांतर हायब्रिड लेअर कॅपॅसिटर लावला की हे थांबतं. डेटा जेसनमध्ये (लांबलचक मजकुराच्या रूपात) पाठवू नका, २८.४१ अंश म्हणजे २८४१, दोन बाइटांत बसतं. द थिंग्ज नेटवर्क या लोरावॅन सेवेच्या मोफत वापरात एका नोडला दिवसाला ३० सेकंदांचाच एअरटाइम (मेसेज हवेत असण्याचा वेळ) मिळतो. एसएफ १२ वर हेच १० बाइट पाठवले तर तेवढ्यात २० मेसेज, ९६ विसरा.

इंटर्नशिपला जाताना डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट कुणी फारसे बघत नाही. स्लीप करंटचा आकडा, तो कसा मोजला, आणि चार-पाच जागांचे आरएसएसआय-एसएनआर (सिग्नलची ताकद आणि गोंगाटाच्या तुलनेत तो किती स्पष्ट) एवढं नीट मांडलंत तर बोलणं पुढे सरकतं. माल विकायचा असेल तर डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या वायरलेस विभागाची) ईटीए मान्यता लागते, हेही माहीत असू द्या.

तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागेचं काम येतं: पान किती तास ओलं राहिलं यावर डाऊनी (केवडा) रोगाची फवारणी ठरते. तिथे अँटेना मांडवाच्या तारांना चिकटवू नका, तारांच्या वर काढा. उसात तर जास्तच जपायचं. लागणीच्या वेळी एसएफ ७ वर चालणारा नोड ऊस डोक्यावर गेला की अडखळतो, कारण पाण्याने भरलेली पानं सिग्नल शोषतात. एडीआर (एसएफ आपोआप बदलण्याची सोय) चालू असेल तर उत्तर येईना म्हणून नोड आपणहून एसएफ वाढवत १२ वर जातो, आणि दर मेसेजचा खर्च २४ पट होतो. अँटेना पहिल्या दिवसापासून पाइपावर, पूर्ण वाढलेल्या उसाच्या वर जाईल असाच लावा.