स्टेडीकॅम बॅलन्स करताना खाली चकत्या लावत सुटू नका

नवीन स्टेडीकॅम (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं, अंगावर चढवायचं साधन) आला, जॅकेट चढवलं, कॅमेरा बसवला आणि सगळं एका बाजूला कललं, की कुणीतरी हमखास सांगतं, खाली वजनाच्या अजून दोन चकत्या लाव, सरळ होतंय बघ. आणि होतंही. म्हणून तर हा सल्ला अजून मरत नाही. पण खाली वजन वाढवलं की बॅलन्स होत नाही, बॅलन्स नाहीये हे फक्त झाकलं जातं. मग तुम्ही चालायला निघालात की पोलचं, म्हणजे कॅमेऱ्याखालच्या दांड्याचं, खालचं टोक मागे राहतं आणि कॅमेरा जमिनीकडे बघतो, थांबलात की तेच टोक पुढे झोके घेतं आणि कॅमेरा मांडवाचं छत दाखवतो. पाळणा झाला तो, स्टेडीकॅम नाही.

1970 च्या दशकात गॅरेट ब्राउनने हे प्रकरण शोधलं तेव्हापासून मूळ गोष्ट तीच आहे. कॅमेरा वर, बॅटरी आणि मॉनिटर खाली, म्हणजे वजन एकमेकांपासून लांब पसरलेलं, त्यामुळे अख्खी स्लेड, म्हणजे पोल आणि त्यावरचं हे सगळं मिळून, सहजासहजी वळत नाही. स्थिरपणा या पसरण्यातून येतो. खाली थोडं जास्त वजन लागतं ते फक्त वर काय आणि खाली काय एवढं कळण्यापुरतं.

कॅमेरा शूटला असेल तसा पूर्ण तयार करा. बॅटरी, कार्ड, केज, हूड, फिल्टर, सगळं लावून आणि लेन्सचं झाकण काढून. झूम करताना ज्या लेन्सची नळी पुढे येते ती शक्यतो नकोच, कारण झूम केलं की बॅलन्स गेला. मी 24 मिमीची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, लावतो आणि विषय संपवतो.

आता कॅमेरा एका पेन्सिलवर आडवा ठेवून पुढे-मागे सरकवा. जिथे तो तोलून राहतो तिथे टेपची खूण करा. हा कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य. आळस करू नका, पुढचं सगळं या खुणेवर चालतं.

स्टँडवर सँडबॅग टाकून स्लेड अडकवा. कॅमेरा प्लेटवर असा बसवा की ती खूण पोलच्या मध्यापासून किंचित मागे येईल, मोठ्या स्लेडवर साधारण दोन सेंटीमीटर, लहानवर त्याहून कमी. मॉनिटर तुम्हाला नीट दिसेल तिथे पुढे, बॅटरी मागे. मग पुढे-मागचा तोल बॅटरी सरकवून जुळवा, कॅमेरा सरकवून नाही. डावी-उजवी बाजू वरच्या प्लेटने. एका बाजूला रिसीव्हर वगैरे चिकटवलेला असेल तर त्याच उंचीवर दुसऱ्या बाजूला तेवढंच काहीतरी लावा.

मग ड्रॉप टाइम. पोल आडवा धरा, सोडा आणि उभा व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन ते अडीच सेकंद पाहिजेत. लवकर पडत असेल तर गिंबल थोडं खाली घ्या, फारच हळू असेल तर वर. (गिंबल म्हणजे इथे पोलवरचा बेअरिंगचा सांधा, मोटरवालं नाही.) स्वस्तातल्या स्लेडवर गिंबल हलत नाही, तिथे मात्र चकत्या कमी-जास्त करा, तेवढ्यासाठीच त्या दिल्यात. पडणं हळू केलं की मघाशी बरोबर वाटलेला तोल पुन्हा थोडा गेलेला दिसेल. घाबरू नका, तो आधीपासूनच गेलेला होता, आता दिसायला लागला. परत जुळवा.

इथपर्यंत सगळे येतात, शिकवणारे व्हिडिओही इथेच संपतात. आणि इथेच माझे दोन सीझन वाया गेले.

सांगलीजवळचं एक लग्न होतं, अंतरपाट खाली आला, मी नवरीवरून नवरदेवाकडे मस्त पॅन केला आणि घरी येऊन बघतो तर पॅनच्या मधोमध क्षितिज तिरकं, मागचे खांब कलंडलेले, भटजी उताराला उभे असल्यासारखे. वाटलं हात जड पडला. पुढच्या लग्नात बोटं अगदी हलकी ठेवली, तरी तेच. मग गिंबलचं बेअरिंग खराब आहे म्हणून बदलून घेतलं, पैसे गेले, फरक शून्य. चूक हातात नव्हती आणि बेअरिंगमध्येही नव्हती. स्लेड उभी असताना बॅलन्स होती, फिरताना नव्हती, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

होतं असं की स्लेड फिरली की तिचा प्रत्येक भाग बाहेर ओढतो. मॉनिटर पुढे, बॅटरी मागे, आणि दोन्ही एकाच उंचीवर नसतात, बहुतेक वेळा मॉनिटर वर आणि बॅटरी त्याच्या खाली असते. त्यामुळे उभं असताना दोघांची ओढ जुळली तरी फिरताना पोल तिरपा ओढला जातो. ती ओढ मारायला कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य बॅटरीच्या बाजूला थोडासा पाहिजे, म्हणून ती खूण किंचित मागे ठेवायला सांगितली. मॉनिटर आणि बॅटरी एकाच उंचीवर असतील तर खूण सरळ पोलच्या मध्यावर.

तपासायचं असं. स्टँडवरच, पंखा बंद करून, पोल उभा असताना बोटांनी हलकी गिरकी द्या आणि हात काढा. पोल उभाच राहून फिरला तर झालं, चहा घ्या. डुगडुगत तिरपा झाला तर कॅमेरा दोन-तीन मिलिमीटर पुढे घ्या, बॅटरी मागे सरकवून उभा तोल परत जुळवा आणि पुन्हा गिरकी द्या. आधीपेक्षा कमी डुगडुगलं तर त्याच दिशेने अजून, जास्त डुगडुगलं तर उलट. एका वेळी एकच दिशा आणि प्रत्येक वेळी उभा तोल आधी, हे न केल्यामुळे मी एकदा अख्खी दुपार गोल गोल फिरत होतो, स्लेडपेक्षा जास्त. गिरकी भिंगरीसारखी जोरात देऊ नका, जोरात दिली की चांगली स्लेडही वेडीवाकडी नाचते. आणि मॉनिटरची केबल ताठ असेल तर हे सगळं व्यर्थ आहे, गिंबलजवळून जाणारी केबल मऊ आणि सैल पाहिजे.

पहिल्यांदा तासभर जाईल. जमलं की कॅमेरा, बॅटरी, मॉनिटर, गिंबल, सगळ्याच्या जागा टेपने खुणवा, पुढच्या वेळी दहा मिनिटांत होतं. पोलची लांबी बदलली किंवा मॉनिटर वर-खाली केला तर मात्र गिरकी पुन्हा.

जॅकेट: वजन कमरेवर, खांद्यावर नाही. कमरेचा पट्टा घट्ट, खांद्याचे पट्टे बोट जाईल इतके सैल.

आर्मला, म्हणजे जॅकेटला जोडलेल्या स्प्रिंगवाल्या हाताला, स्लेड लावली की तो साधारण आडवा तरंगला पाहिजे, नाहीतर स्प्रिंगचा ताण बदला. स्लेड काढताना आर्म हाताने धरून ठेवा, रिकामा आर्म उसळून थेट तोंडावर येतो, माझ्या चष्म्याची एक काच अशीच गेली. मग ताठ उभे राहा, हात क्षणभर सोडा. स्लेड पुढे पळत असेल तर जॅकेटच्या सॉकेटचा स्क्रू फिरवून आर्म तुमच्याकडे कलेल असं करा, अंगावर येत असेल तर उलट, बाजूला जात असेल तर दुसरा स्क्रू. पोट आत घेऊन हे करू नका, मंगलाष्टकं संपेपर्यंत पोट आत राहत नाही.

एक हात गिंबलच्या मुठीवर, दुसऱ्याची दोन-तीन बोटं गिंबलच्या लगेच खाली पोलवर, तव्यावरची भाकरी उलटताना लावतो तेवढीच. लॉनवरच्या लग्नात वारा असेल तर थोडी घट्ट, आणि मोठा कूलर दिसला की त्याच्या समोरून जाऊच नका. लेन्स बदलली की स्टँडवर परत या आणि एक गिरकी मारून बघा.