चाच्यांच्या टोळीतला विश्वास: हस्तलिखितासाठी २४ पानांची चित्रकथा

चाच्यांची चित्रकथा काढायला बसलेली मुलं आधी जहाज काढतात, मग तलवारी, आणि तिसऱ्या पानावर नायक म्हणतो, ‘आपण सगळे एक आहोत.’ कथा तिथंच बसते. विश्वास बोलून दाखवला की वाचकाला तो दिसत नाही. एकानं आपली जीव की प्राण असलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिली, की न सांगता कळतो. खालची सगळी मांडणी त्या एका देण्यासाठी आहे.

आधी कागद. ए-फोरचे ६ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की २४ पानं होतात. मुखपृष्ठाला जाड कागद वेगळा. विषम पान उजवीकडे येतं आणि ते उलटल्यावर सम पान दिसतं. म्हणून हाक किंवा विनंती विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत ठेवा आणि उत्तर पान उलटल्यावर द्या. १२ आणि १३ ही पानं एकाच कागदावर सलग येतात, तेव्हा सर्वांत मोठं चित्र तिथंच काढा. दुसरीकडे काढलं तर दोन अर्धे जुळत नाहीत. कडेला १ सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर झेरॉक्समध्ये अक्षरं कापली जातात.

माणसं ५ पुरेत. पानाला ५ चौकटी धरल्या तर १२० चौकटी होतात. ९ जणांत वाटल्या तर एकेकाला १३ येतात, आणि तेवढ्यात चेहरासुद्धा लक्षात राहत नाही. आपल्याच बेळगाव भागातली माणसं घ्या. वडगावचा विणकर शिडं सांधेल, येळ्ळूरचा पैलवान नांगर ओढेल, निपाणीची विडी वळणारी बाई अंधारातही चटचट गाठी मारेल. आंबोली घाट उतरून ही मंडळी वेंगुर्ल्याला जहाजावर चढली की कथा सुरू.

प्रत्येकाला काय येतं हे सगळेच लिहितात. काय येत नाही, ते त्याहून महत्त्वाचं. एइचिरो ओदांची ‘वन पीस’ ही चाच्यांची चित्रकथा १९९७ साली जपानी साप्ताहिकात सुरू झाली, १९९९ पासून तिची अ‍ॅनिमे मालिका येते. तिचा कप्तान लुफी समुद्रात पडला की बुडतो. शत्रूसमोर तो उघड सांगतो की मला तलवार चालवता येत नाही, दिशा कळत नाही, स्वयंपाक येत नाही, खोटंही बोलता येत नाही. ही माणसं नसतील तर माझं जगणंच अवघड. टोळीची गरज तिथं पटते. सगळं येणारा तांडेल, म्हणजे जहाजाचा म्होरक्या, काढलात तर बाकीचे चौघे नुसते टाळ्या वाजवायला उरतात. ही चूक सगळ्यांत जास्त होते.

आता ती वस्तू. लुफीची गवती टोपी पहिल्या भागापासून दिसते, ती कुणी दिली ते कळतं, तिला धक्का लागला की तो चिडतो. म्हणून त्याच्या टोळीतली नामी रडत ‘मदत कर’ म्हणते आणि तो काही न विचारता टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो, तेव्हा वाक्याची गरज उरत नाही. त्याआधी तिची कहाणी ऐकायलाही तो थांबलेला नसतो. तुमच्या कथेत वस्तू २, ६ आणि ११ व्या पानावर दाखवा, तिसऱ्या वेळी ती हरवता हरवता वाचू दे. १७ च्या शेवटी हाक, १८ वर देणं. वस्तू पहिल्यांदा १७ वरच आली, तर तिचं मोल वाचकाला माहीतच नसतं.

हाक ज्याची त्यानंच मारायला हवी. लुफीच्या टोळीतल्या रॉबिनला सोडवायला सगळे येऊन उभे राहतात, तरी लुफी तिला आधी सांगतो, ‘जगायचं आहे असं म्हण.’ तिच्या वतीनं तो ठरवत नाही. न मागता धावलेली मदत पानावर नायकाची शेखी वाटते.

मधल्या १२–१३ पानांवर भांडण घ्या, आणि दोघांचंही बरोबर असू द्या. ‘वन पीस’मध्ये जुनं जहाज दुरुस्त होणार नाही असं सुतारांनी सांगितल्यावर कप्तान ते सोडायचं ठरवतो. टोळीतल्या उसोपला ते जहाज टाकवत नाही, म्हणून तो कप्तानाशी लढतो आणि टोळी सोडतो. दोघांचीही बाजू पटते, म्हणूनच वाईट वाटतं. परतीच्या वेळी त्यांचाच सोबती झोरो अडून बसतो: आधी माफी, मग जहाजावर पाऊल. मुलांच्या कथेत रुसलेला गडी एका चौकटीत मिठी मारून परत येतो. परतीला निदान २ पानं द्या, नाहीतर गेला काय नि राहिला काय, सारखंच. भांडण कसं लिहायचं अडलं, तर दिवाळीत गल्लीतला किल्ला होताना बघा: माती कुणी आणायची, बुरूज कुणी मोडला, रात्री राखण कुणाची. तिथले शब्द वहीत टिपून घ्या.

मराठीतली एक सोय वापरा. नवखा गडी तांडेलाला ‘तुम्ही’ म्हणत राहू दे, आणि १८ व्या पानानंतर एकदाच ‘तू’ म्हणू दे. त्यावर कुणी काही बोलायचं नाही. आपल्याकडे टोळीत एखादा कानडी बोलणारा असणारच. वादळात तो ‘बिडू’ ओरडतो आणि मराठी पोरगा का न विचारता दोरी सोडतो, ही एक चौकट चार संवादांचं काम करते. मात्र ‘हिडी’ म्हणजे धर आणि ‘बिडू’ म्हणजे सोड, हे आधी ५ व्या पानावर कामाच्या ओघात कळलेलं हवं.

जपानी पानं उजवीकडून डावीकडे वाचतात. ती समोर ठेवून रचना उचलली तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो. आधी बोलणारा नेहमी डावीकडे, वरती. अक्षरं आधी लिहा, मग भोवती फुगा काढा. वेलांटी-उकाराला वर-खाली जागा लागते, त्यामुळे इंग्रजीच्या मापाचा फुगा पुरत नाही. एका फुग्यात १२ शब्दांच्या वर जाऊ नका.

शिवण्याआधी पेन्सिलीचा कच्चा खर्डा कथा माहीत नसलेल्या एखाद्याला द्या. फुगे कागदाच्या पट्टीनं झाका आणि विचारा, कोण कुणावर विसंबून आहे? त्यानं फक्त तांडेलाकडे बोट दाखवलं, तर शाई लावू नका. ७ ते ११ ही पानं नव्यानं काढा.