ढोलकी मागं पडते तेव्हा वादकाला बोल लावू नका

शिवाजी पेठेतल्या माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीवर भजनी मंडळं येतात, डफ-तुणतुणं घेऊन शाहीर येतात, गिटारवाली कॉलेजची पोरंही येतात. नवा यूएसबी इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारा डबा, घेतलेल्यांचे फोन तर चालूच असतात: "दादा, हेडफोनात आवाज उशिरा येतोय, इंटरफेस बदलू का?" बहुतेक वेळा बदलायची गरज नसते. आधी नीट लावून बघा.

कॉम्प्युटर आवाज गठ्ठ्यागठ्ठ्यानं उचलतो, त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. 48000 सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48000 नमुने (सॅम्पल) घेताना, 128 सॅम्पलचा बफर भरायला 2.7 मिलिसेकंद लागतात, 256 ला 5.3, 512 ला 10.7 आणि 1024 ला 21 च्या वर. हा वेळ आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा जातो. त्यावर कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) आणि ड्रायव्हरनं (कॉम्प्युटर आणि इंटरफेसची गाठ घालणारं सॉफ्टवेअर) हाताशी राखलेला वेळ वेगळा.

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराचा ऑडिओ) ड्रायव्हर टाका. एएसआयओफोरऑल हा तसा ड्रायव्हर नसेल तेव्हाचा पर्याय आहे. मॅकवर त्या कामाचा कोअर ऑडिओ आधीपासून असतोच. यूएसबी 3 चा इंटरफेस घेतला की उशीर कमी होतो, असं दुकानात सांगतात. त्यावर पैसे घालू नका. 24 बिट, 48000 च्या दोन चॅनेलला सेकंदाला 2.3 मेगाबिट लागतात आणि यूएसबी 2 ची वाट 480 मेगाबिटची आहे. उशीर ठरतो तो बफरवर आणि ड्रायव्हरवर.

किती उशीर चालतो? हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. मंडळात पखवाजापासून तीन-साडेतीन मीटरवर बसलेला टाळकरी 10 मिलिसेकंद उशिरानंच ऐकत असतो आणि तरी ठेका सोडत नाही. गाणाऱ्याचं मात्र वेगळं. त्याचा आवाज त्याला हाडातून तत्काळ ऐकू येतो. हेडफोनातला आवाज थोड्या उशिरानं त्यात मिसळला की स्वर पोकळ लागतो आणि माणूस उगाच जोर लावून गायला लागतो. गाणाऱ्यासाठी इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू करा, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनात येतो, आणि सॉफ्टवेअरमधल्या त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर दोन आवाज ऐकू येतील. मग 256 चा बफरही निवांत चालतो. मिक्सिंगला 1024 करा.

आता ढोलकीचं. पेटी आधी घेतली, वर ढोलकी वाजवली, आणि ऐकताना ठेका जरासा मागं. वादक बिचारा पुन्हा पुन्हा वाजवत बसतो. खरं कारण असं की सॉफ्टवेअर नवा ट्रॅक ड्रायव्हरनं सांगितलेल्या उशिराइतका आधीच्या वेळेकडं सरकवून ठेवतं, आणि तो सांगितलेला आकडा प्रत्येक वेळी खरा नसतो. तो स्वतः मोजा. स्पीकर बंद करा, माइकला वीज देणारं 48 व्होल्टचं बटण बंद, डायरेक्ट मॉनिटर बंद. इंटरफेसच्या लाइन आऊटमधून एक केबल थेट त्याच्याच लाइन इनला लावा. एका ट्रॅकवर टकटक असा क्लिक ठेवा आणि दुसऱ्यावर, मॉनिटरिंग बंद ठेवून, तोच रेकॉर्ड करा. दोन्ही लाटा मोठ्या करून सुरुवातीतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. नवा क्लिक 96 सॅम्पल मागं दिसला, तर 48000 ला ते बरोबर 2 मिलिसेकंद झाले. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरात रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये मॅन्युअल ऑफसेट आहे, तिथं आकडा भरा आणि दोन्ही क्लिक एकावर एक बसेपर्यंत पुन्हा रेकॉर्ड करून बघा. बफर किंवा सॅम्पल रेट बदलला की परत मोजायचं. माझ्या मते नव्या इंटरफेसवर सगळ्यात आधी करायचं काम हेच.

उशिराइतकाच, खरं तर जास्तच, महत्त्वाचा आहे भरवसा. यूएसबीवरून ऑडिओ जातो तेव्हा हरवलेला तुकडा परत मागवला जात नाही. तिथं सरळ 'टिक' ऐकू येतं. गावाकडनं आलेलं मंडळ अभंगात रंगलेलं असताना तो टिक आला, तर तसं गाणं पुन्हा मिळत नाही. म्हणून हब नको, इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला. केबल आखूड आणि घट्ट बसणारी. विंडोजमध्ये पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सेटिंग) बंद. लेटन्सीमॉन हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवून बघा, कुठला ड्रायव्हर आडवा येतो ते कळतं. पुष्कळदा तो वाय-फायचा असतो, मग रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद.

वळवाच्या दिवसांत आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळं घरासाठी मी यूएसबीवरच चालणारा इंटरफेस घ्यायला सांगतो. लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर रेकॉर्डिंग चालू राहतं. वेगळ्या अडॅप्टरचा इंटरफेस किंवा डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. बॅटरीवर गेल्यावर लॅपटॉप आपोआप पॉवर सेव्हिंगमध्ये जाऊ नये, ही सेटिंग वेगळी बघून घ्या. चार्जर लावल्यावर घूं असा आवाज येत असेल, तर तो काढून बॅटरीवर घ्या.

मंडळ यायच्या आधी, ज्यावर रेकॉर्ड करणार त्याच बफरवर आणि तेवढेच ट्रॅक उघडून, अर्धा तास सलग रेकॉर्डिंग लावून ठेवा. चार्जर मधेच काढून बघा. मग ते सगळं हेडफोन लावून ऐका. एक जरी टिक सापडला तरी 128 चा हट्ट सोडा आणि 256 वर या.