एअर रायफलला नवा पार्ट घेताय? आधी व्हर्नियर काढा

जळगाव-धुळ्याकडे 10 मीटर एअर रायफल शिकणारी पोरं बहुधा सेकंडहँड रायफलनेच सुरुवात करतात. मग पार्ट ऑनलाइन मागवले जातात, आणि बसत नाही म्हणून परत पाठवायचा खर्च अंगावर येतो. मीही एकदा पुण्याहून पीप साईट (डोळ्याजवळची, बारीक भोकाची मागची साईट) मागवली. ती 11 मिलिमीटरच्या खाचेची होती आणि माझी रेल, म्हणजे साईट बसवायची पट्टी, 21 मिलिमीटरची रुंद, आडव्या खाचांची. गावातल्या लेथवाल्याने व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं कॅलिपर) हातात देत अहिराणीत सुनावलं, "आधी मोजी ले, मंग पैसा दे."

तर आधी रेलची रुंदी मोजा. मधे अडॅप्टर टाकता येतो, पण त्याने साईट उंच होते. मग पुढची साईटही तेवढीच उचलावी लागते. पुढच्या साईटच्या नळीत बसणाऱ्या रिंगाही दोन मापांच्या मिळतात, 18 आणि 22 मिलिमीटर. एकीची रिंग दुसरीत बसत नाही.

दुसरं काम रायफलच्या हवेच्या सिलिंडरचं, आणि इथे घाई नको. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. मॅचच्या नियमानुसार 10 वर्षांनंतर तो वापरता येत नाही, त्यामुळे स्वस्तात मिळतोय म्हणून नऊ वर्षांचा घेऊ नका. भरायचा अडॅप्टर तुमच्या कंपनीचाच आहे ना, ते बघा. आटे जवळपास जुळतात म्हणून पिळून बसवू नका, आणि लेथवर आटे पाडून तर नाहीच! हवा 200 बार दाबाची असते. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावा. साधं तेल एवढ्या दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतं. आपल्या मे महिन्याचाही हिशोब ठेवा: 20 अंशांना 200 बार भरलेला सिलिंडर 45 अंशांना 217 च्या आसपास जातो. भुसावळच्या उन्हात बंद गाडीत तो ठेवायचा नाही.

तिसरं म्हणजे छर्रे. पैसे आधी इथेच घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. छर्‍याच्या डोक्याचं माप 4.49 पासून 4.52 मिलिमीटरपर्यंत असतं, आणि कोणतं जमेल ते तुमची नळीच सांगते. रायफल शिकंज्यात मऊ फडक्यावर पक्की धरा, प्रत्येक मापाचे 10 छर्रे एकाच जागी मारा आणि सगळ्यात लहान भोक कुठलं ते पाहा. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटरचा असतो. छर्रा चुकीचा असेल तर महागडी साईट काय कामाची?

स्प्रिंगची रायफल असेल तर 'पॉवर वाढवणारी' स्प्रिंग टाकू नका. मॅचची रायफल सात-आठ जूलवर चालते. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 20 जूलच्या वर किंवा 4.5 मिलिमीटरहून मोठ्या नळीला परवाना लागतो.

बट प्लेट, गालपट्टी, वजनं हे सगळं शेवटी. वजनाचे गोळे मात्र लेथवाल्याकडून खुशाल करून घ्या, त्यात दाबाचा प्रश्न नाही. सगळं लावून झालं की रायफल किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. साईटसकट 5.5 किलोच्या वर गेली तर मॅचच्या तपासणीत परत पाठवतील.