सोलापुरातून कॅम्पर घेऊन निघताना

पिकअपच्या हौद्यात कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची सुटी खोली, बसवला की आधी वजनकाटा गाठा. पाणी, गॅस, माणसं, सगळं भरून वजन करा. आरसीवरच्या एकूण वजनाच्या आत बसायलाच हवं. ७० लिटर पाणी म्हणजे ७० किलो, हे हमखास विसरलं जातं. मागच्या अ‍ॅक्सलवरचं, म्हणजे मागच्या चाकांच्या आसावरचं, वजन वेगळंही मोजा. कॅम्परचा गुरुत्वमध्य त्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे हवा. मागे सरकला तर पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग सैल लागतं, गाडी डोलते. म्हणून पाण्याची टाकी पुढे आणि तळालाच ठेवा.

खाली रबरी मॅट, चारही कोपऱ्यांना टर्नबकल, म्हणजे कॅम्पर गाडीला बांधणारे, फिरवून आवळायचे स्क्रू. तुळजापूरला, म्हणजे साधारण ४५ किलोमीटरवर, थांबून ते पुन्हा आवळा. धक्क्यांनी कॅम्पर खाली बसतो आणि ते ढिले पडतात.

टायरची हवा सकाळी, टायर गार असतानाच मोजा. मे महिन्यात दुपारी वाढलेली दिसली तरी सोडू नका. गार झाल्यावर कमी पडेल.

उजनीकाठी पावसानंतर काळ्या रानात गाडी घालू नका, चाक रुतलं की ट्रॅक्टरच लागतो. मुरमाड जागा शोधा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला बाहेर उघडणारा झरोका तळाशीच हवा.