इटालियन शिकायचंय? मग उच्चार इंग्लिशमधे नाही, देवनागरीत लिहा

इटलीत तुरिनला मास्टर्सला आले तेव्हा कोर्स इंग्लिशमधे होता, म्हणून इटालियनचं नंतर बघू असं ठरवलं होतं. पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलच्या बाथरूममधे हात भाजला, कारण नळावर सी लिहिलेलं, मी कोल्ड समजून पूर्ण सोडला, आणि सी म्हणजे निघालं काल्दो, म्हणजे गरम. थंड म्हणजे फ्रेद्दो, त्या नळावर एफ असतो. तेव्हापासून मी इंग्लिशमधून इटालियन शिकणं बंद केलं, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते की वही घ्या आणि सगळे शब्द देवनागरीत लिहा.

आपल्याला याचा खरंच खूप फायदा आहे. इंग्लिश बोलणारे लोक थँक्यूला ग्राझी म्हणतात, खरा उच्चार ग्रात्सिए. पिझ्झा नाही, पित्सा. आणि हा त्स आपण लहानपणापासून बोलतोय, चाक, चूल, चमचा मधला च तोच आहे (चहा मधला नाही!). मेद्झो म्हणजे अर्धा, त्यातला आवाज जग, जसा मधल्या ज सारखा. तसंच त आणि द, इटालियनमधे ट ड नाहीतच, त्यामुळे तोरिनो (म्हणजे तुरिन) म्हणताना इंग्लिशसारखं टोरिनो केलं की लगेच परकं वाटतं.

स्पेलिंगचे नियम थोडेच आहेत. सी च्या पुढे ई किंवा आय आला की च, नाहीतर क, आणि मधे एच घातला की परत क. म्हणून चाओ पण क्यांती (ही एक वाइन), ब्रुशेटा नाही ब्रुस्केत्ता. जी चं पण तसंच, बुओन्जोर्नो मधे ज आणि स्पागेत्ती मधे ग. जी एन एकत्र आले की न्य, न्योक्की. शब्दाच्या सुरुवातीचा एच बोलायचाच नाही.

सगळ्यात जास्त लक्ष जोडाक्षरांकडे द्या, कारण इथे अर्थच बदलतो. सेते म्हणजे तहान, सेत्ते म्हणजे सात. नोनो म्हणजे नववा, नोन्नो म्हणजे आजोबा. वय सांगताना "ओ वेंतित्रे आन्नी" म्हणतात, म्हणजे माझ्याकडे तेवीस वर्षं आहेत, तिथे आन्नी मधला न नीट दाबा, कारण आनो म्हणजे गुदद्वार. इंग्लिश बोलणाऱ्यांना हे दोन न वेगळे ऐकूच येत नाहीत पण आपण कच्चा, पक्का, पत्ता रोजच म्हणतो ना, तेवढाच जोर द्यायचा.

जोर कुठल्या अक्षरावर द्यायचा हे मात्र मला जड गेलं. बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्यावर असतो, शेवटच्यावर असेल तर वर खूण असते (काफ्फे, चित्ता म्हणजे शहर), पण तेलेफोनो मधे तो ले वर आहे, असे शब्द ऐकूनच पाठ करावे लागतात.

अर्थ पण इंग्लिशवरून लावू नका. कामेरा म्हणजे खोली. लात्ते मागितलं तर नुसतं दूध मिळेल. लिब्रेरिया म्हणजे पुस्तकाचं दुकान, लायब्ररी म्हणजे बिब्लिओतेका. मी शाकाहारी आहे, कितीतरी दिवस पेपेरोनी लिहिलेला पित्सा मांस समजून टाळला, ती साधी ढोबळी मिरची होती. आणि पदार्थात प्रिझर्व्हेटिव्ह आहे का विचारायचं असेल तर कोन्सेर्वांती म्हणा, प्रेझेर्वातिवो म्हणजे कंडोम.

रोजच्या बोलण्याचं भाषांतर तर मराठीतच चपखल बसतं. प्रेगो चा इंग्लिश अर्थ यू आर वेलकम देतात पण दार धरून प्रेगो म्हणाले तर ते आपलं "या ना", ताट पुढे करून म्हणाले तर "घ्या ना". मागारी म्हणजे "तसं झालं तर किती बरं होईल". बोह म्हणजे "कोण जाणे". फिगूराती म्हणजे "अगं त्यात काय", आणि मोठ्या माणसाला तेच सी फिगूरी, "अहो त्यात काय". तू आणि लेई (म्हणजे आदराचं तुम्ही) हा फरक तर आपल्याला शिकवावाच लागत नाही, प्रोफेसर, दुकानदार, ऑफिसातली माणसं, सगळ्यांना लेई.

पेर्मेस्सो हा शब्द दोनदा भेटेल. कुणाच्या घरात पाऊल टाकताना म्हणायचा, आपल्या "येऊ का?" सारखा. आणि दुसरा पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो, राहण्याचा परवाना, तो आल्यापासून 8 कामाच्या दिवसांत पोस्टातून अर्ज करून मागायचा असतो. त्याला 16 युरोची मार्का दा बोल्लो (म्हणजे रेव्हेन्यू स्टँप) लागते, ती ताबाक्की लिहिलेल्या दुकानात मिळते, ताबाची म्हणू नका.

परीक्षा बऱ्याचदा तोंडी असतात, 30 पैकी 18 ला पास. आत जाताना कोणी "इन बोक्का आल लूपो" म्हणेल, शब्दशः लांडग्याच्या तोंडात, म्हणजे ऑल द बेस्ट. त्यावर ग्रात्सिए म्हणायचं नसतं, "क्रेपी" म्हणायचं, म्हणजे मरो तो लांडगा.