व्हॅक्यूम पेट्रोल कॉक गळतोय का, असं तपासा
जुन्या मोटरसायकलच्या व्हॅक्यूम कॉकला (टाकीखालचा, इंजिनाच्या ओढीने उघडणारा पेट्रोलचा नळ) बहुधा ‘ऑफ’ नसतंच. इंजिन बंद झालं की पेट्रोल आपोआप थांबायला हवं. इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढून काचेच्या बाटलीत सोडा. कॉक ‘ऑन’वर ठेवा. ‘प्राइम’वर नको, तिथे पेट्रोल वाहणारच. अर्ध्या तासात एक थेंबही पडता कामा नये. पडला, तर कॉक आतून नीट बसत नाहीये. मग कॉकपासून इंजिनाकडे जाणारी बारीक व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बघा: ओलसर असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर डायफ्राम (कॉकमधला लवचिक पडदा) फाटलाय आणि पेट्रोल थेट इंजिनात ओढलं जातंय. ऑइलचं झाकण उघडून जरूर हुंगा. तिथेही पेट्रोलचा वास आला, तर कॉक दुरुस्त करून ऑइल बदलेपर्यंत कृपा करून गाडी सुरू करू नका.